मंगळाची वक्री गती

मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर एरवी पूर्वेकडे सरकतो. सुमारे ७८० दिवसांतून एकदा मात्र तो मंदावतो, थबकतो आणि ६० ते ८० दिवस उलटा, पश्चिमेकडे जाताना दिसतो. तेव्हा तो ‘वक्री’ असतो. पुन्हा सरळ चालू लागला की ‘मार्गी’. प्रत्यक्षात त्याची सूर्याभोवतीची फेरी एक क्षणही थांबत नाही.

पृथ्वी सेकंदाला सरासरी २९.८ किमी धावते, मंगळ २४.१ किमी. पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला गाठून पुढे जाते तेव्हा दोघांची दिशा एकच असते, आणि ५.७ किमीच्या फरकाने मंगळ मागे पडतो. वक्री काळाच्या मध्याच्या सुमारास तो सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत येतो. सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर दिसतो. पत्रिकेत वक्री मंगळाची धास्ती कितीही असो, दुर्बिणीसाठी याहून चांगला मंगळ नाही.

मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने वक्री काळ दरवेळी सारखा नसतो. २०१८ मध्ये मंगळ कक्षेच्या सूर्याजवळच्या भागात, म्हणून वेगात होता. तो जेमतेम ६२ दिवस वक्री राहिला. पुढे ७ डिसेंबर २०२४ रोजी पुष्य नक्षत्रात वक्री झालेला मंगळ पुनर्वसूपर्यंत १९ अंश मागे आला आणि २४ फेब्रुवारी २०२५ रोजी, ७९ दिवसांनी मार्गी झाला. पृथ्वीच्या कक्षेशी मंगळाच्या कक्षेचा कल १.८५ अंश असल्याने तो गेल्या वाटेने परतत नाही. आकाशात फास किंवा नागमोडी रेघ उमटते.

सूर्यसिद्धान्त या प्राचीन भारतीय खगोलगणिताच्या ग्रंथाने ग्रहांच्या आठ गती सांगितल्या आहेत. त्यांत वक्र, अतिवक्र आणि विकल (स्थिरावलेली) या तीन येतात. त्यातील नियमानुसार मंगळाचे शीघ्रकेंद्र, म्हणजे सरासरी गतीने चालणारा मानलेला सूर्य आणि मंगळ यांतील कोन, १६४ अंश झाला की मंगळ वक्री होतो आणि १९६ अंशांवर मार्गी. ७८० दिवसांत ३६० अंश या हिशेबाने मधल्या ३२ अंशांना ६९ दिवस लागतात. आजची सरासरी सुमारे ७२ आहे. पृथ्वी स्थिर मानून केलेल्या गणिताला हे छानच जमले आहे.

पुढची संधी जानेवारी ते मार्च २०२७ मध्ये, मघा ताऱ्याच्या आसपास. प्रतियुती १९ फेब्रुवारीला. दर पाचव्या रात्री दोन ओळखीच्या ताऱ्यांपासूनचे अंतर मोजून मंगळाची जागा नकाशावर टिंबाने दाखवावी. हात ताठ धरल्यास मूठ साधारण १० अंश व्यापते. गच्चीचा कठडा किंवा झाडाचा शेंडा खूण म्हणून धरला की फसगत ठरलेली, कारण सगळे आकाशच रोज पश्चिमेकडे सरकते. वक्री किंवा मार्गी होण्याच्या आसपासचे काही दिवस टिंबे एकमेकांवर पडतात. तिथे मोजणी चुकली असे समजून वही मिटू नये.