कलाधारित लेखनसामग्री (संग्रहालयाच्या दुकानातील)

संग्रहालयातील चित्र, शिल्प, वस्त्र किंवा हस्तलिखित यांवरून आकृतिबंध घेऊन केलेल्या वह्या, रोजनिश्या, पोस्टकार्डे, बुकमार्क, पाकिटे अशा वस्तू. मूळ कलाकृतीचा कोणता भाग उचलायचा आणि तो वस्तूच्या कोणत्या जागी बसवायचा, यावर तिचे यश ठरते. कागद, शाई आणि बांधणी यांचा विचार त्याच वेळी करावा लागतो. मागाहून केला की चित्राचा बळी जातो.

कलाकृती छापून घरोघरी पोहोचवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांची चित्रे सामान्यांच्या भिंतींवर आली. अलीकडे परदेशांतील काही संग्रहालयांनी आपली चित्रे वापरासाठी खुली केली: ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2012 मध्ये ‘राइक्सस्टुडिओ’ हा चित्रे उतरवून घेण्याचा संकेतस्थळावरील विभाग सुरू केला, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये आपल्याकडील स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा बिनशर्त दिल्या. भारतात चित्रावरचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. रविवर्मा 1906 मध्ये वारले, त्यामुळे त्यांची चित्रे मोकळी आहेत. मात्र संग्रहालयाने काढलेले छायाचित्र वापरायचे तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

ठाणे आणि नवी मुंबईत हा विषय निघाला की गाडी वारली चित्रकलेवर येतेच. डहाणू, तलासरी, जव्हार हा वारली आदिवासींचा मुलूख 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या दिवशी पालघर जिल्हा वेगळा झाला. जुन्या मजकुरावरून उचललेल्या पोस्टकार्डांच्या पाठीवर ‘ठाणे जिल्हा’ असे अजूनही छापले जाते, ते तपासून घ्यावे. त्याच वर्षी वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशन (जीआय, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेली ओळख) म्हणून नोंद झाली. पारंपरिक आकृत्यांवर एका कुणाचा स्वामित्वहक्क नाही, परंतु एखाद्या चित्रकाराचे विशिष्ट चित्र ही वेगळी गोष्ट. वारली चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा म्हसे 2018 मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2078 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला गेला त्यांच्याकडे राहील. ‘लोककला आहे, कुणाचीही’ असे म्हणत त्यांच्या रचनेची हुबेहूब नक्कल वहीवर छापणे कायद्यालाही धरून नाही आणि सौजन्यालाही.

आकृती निवडताना तिचा मूळ उपयोग ठाऊक असावा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढला जाणारा लग्नचौक सुवासिनींनी लग्नासाठी काढायचा असतो आणि त्याच्या मध्यात पालघट देवी असते. तो चौक पाकिटाच्या झाकणावर छापला तर पत्र उघडताना देवीच फाटते. चिकटचिठ्ठीवर छापला तर संध्याकाळपर्यंत कचऱ्याच्या डब्यात जातो. संग्रहासाठी ठेवायच्या मोठ्या कार्डावर मात्र तो शोभतो, सोबत दोन ओळींची माहिती असेल तर अधिकच. तारपा या फुंकवाद्याभोवती फेर धरणाऱ्या तारपा नृत्याच्या वळणाला चौरस जागा लागते. ए5 वहीच्या (148 × 210 मिमी) उभ्या मुखपृष्ठावर ते ताणून बसवताना कडेचे दोन-चार नर्तक कापले जातात, हातात हात घातलेली साखळी तुटते आणि उरतो नुसता नक्षीचा तुकडा. बुकमार्कच्या अरुंद पट्टीला ताडावर चढणारा माणूस आयताच मिळतो. लग्नाची वरात आडव्या पट्टीवर.

वारलीचे रंगसंयोजन दिसते सोपे, छापायला अवघड. गेरूचा रंग चार शायांतून बनवला आणि छपाई केसभर सरकली, तरी बारीक पांढऱ्या रेषांच्या कडेला निळी-पिवळी झाक येते, काही रेषा बुजूनही जातात. त्यासाठी गेरूची एकच खास शाई मिसळून घेणे आणि रेषा मुळापेक्षा किंचित जाड ठेवणे बरे. तपकिरी कागदावर पांढरी आकृती हवी असेल तर ऑफसेटची पांढरी शाई फिकी पडते. तिथे स्क्रीन प्रिंटिंग करावे. कणा दुमडतो तिथे गडद रंग तडकतो, म्हणून मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन चढवतात किंवा मुळातच रंगीत असलेला कागद घेतात. आतली पाने लिहिण्यासाठी असतात, हे विसरले जाते: चकचकीत आर्ट पेपरवर शाईचे पेन सरकते आणि अक्षर पुसटते. 70-80 जीएसएमचा (चौरस मीटरला ग्रॅम वजन) मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद साधा दिसला तरी लिहिणाऱ्याला तोच पटतो.

वागळे इस्टेट, तुर्भे, महापे या औद्योगिक पट्ट्यांत छापखाने असल्याने आखणी करणाऱ्याला पूर्ण छपाई सुरू होण्याआधी मशीनवर उभे राहून रंग पाहता येतो. ही सोय पडद्यावरच्या प्रूफपेक्षा (छपाईपूर्व नमुन्यापेक्षा) मोलाची आहे. मात्र खाडीकाठची हवा कागदाला मानवत नाही. पावसाळ्यात कागद दमट होतो. एकाच बाजूला लॅमिनेशन केलेले कार्ड पापडासारखे वळते. मागणी दिवाळीची असेल तर छापलेला माल जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर न ठेवता लगेच प्लॅस्टिकमध्ये बांधावा. वहीच्या कागदाचे तंतू कण्याला समांतर राहतील असा कागद कापून घेणे, ही सूचना छापखान्याला लेखी द्यावी. ती तोंडी दिली तर अनेकदा कागद वाचवण्याच्या हिशेबात मागे पडते.

शेवटी वस्तूची पाठ. कलाकृतीचे नाव, चित्रकार, माध्यम, काळ, संग्रहालयाचे नाव आणि नोंद क्रमांक तिथे छापले जातात. वारली वस्तूंवर बऱ्याचदा ‘वारली नक्षी’ एवढेच असते आणि चित्र काढणाऱ्याचे नाव नसते. त्याला मानधन एकदाच द्यायचे की विकलेल्या प्रतींमागे, हे करारात आधी लिहिलेले असावे. सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटसारख्या ठिकाणी कारागीर स्वतः माल विकतात. संग्रहालयाच्या दुकानात तो समोर नसतो, म्हणून पाठीवरच्या त्या ओळीतच ग्राहकाला त्याचे नाव कळते.