डीईपीने बंद पाडलेले प्रोग्राम आणि सूट देण्याचा जुना वाद : पार्श्वभूमी

विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम आजही रोजच्या कामात आहेत. जिनिंगच्या वजनकाट्याची पावती, अडतीच्या दुकानातला हिशेब, डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारे मराठी टंकलेखन, अशी ही मंडळी. मशीन बदलले की त्यांतला एखादा उघडताच बंद पडतो आणि हंगामात तसे झाले तर कास्तकाराचा चुकारा अडकतो. दुकानदाराच्या लेखी विंडोज खराब असते, दुरुस्ती करणाऱ्याच्या लेखी व्हायरस असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा कारण विंडोजमधील डीईपी या मेमरीच्या संरक्षणाचे असते, आणि त्यावर हे संरक्षणच बंद करण्याचा जो उपाय सरसकट केला जातो त्याची मुळे २००४ मध्ये घेतलेल्या एका निर्णयात आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८२ च्या ८०२८६ प्रोसेसरने संरक्षित पद्धत आणली आणि १९८५ च्या ८०३८६ ने मेमरीची पानांमध्ये विभागणी करून प्रत्येक पानाला परवानगी जोडली. मात्र हे पान लिहिता येईल का आणि सामान्य प्रोग्रामला वापरता येईल का, एवढेच त्या नोंदीत होते. त्यातील मजकूर सूचना म्हणून चालवता येईल का, हे पानागणिक ठरवण्याची सोय त्यात नव्हती, त्यामुळे जे पान वाचता येत होते ते चालवताही येत होते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तर मेमरीचा मोठा भाग सर्व प्रोग्रामांना सामाईक होता. ‘इल्लीगल ऑपरेशन’ची पांढरी चौकट त्या काळी संगणक शिकलेल्या प्रत्येकाने पाहिली आहे. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि एनटी या कार्यालयीन विंडोजच्या घराण्याचा अधिक कडक पाया घरगुती मशीनपर्यंत पोहोचला, पण प्रोसेसरमधील ती उणीव तशीच राहिली.

या उणिवेचा फायदा घेणारे हल्ले नवे नव्हते. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये पसरलेल्या पहिल्या मोठ्या इंटरनेट वर्मनेही (वर्म म्हणजे जाळ्यावरून आपोआप पसरणारा प्रोग्राम) एका प्रोग्रामच्या राखीव जागेत मावणार नाही इतका मजकूर घुसवून त्यातील काही भाग सूचना म्हणून चालवून घेतला होता. मात्र आपल्याकडील सायबर कॅफेंना त्याची ओळख झाली ती ऑगस्ट २००३ मधील ब्लास्टर आणि पुढच्या उन्हाळ्यातील सॅसर या वर्ममुळे. डायलअपची जोडणी लागते न लागते तोच साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचे. त्यात भारनियमनाची भर पडल्यावर तासाभराचे पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यायचे, हा कॅफेवाल्यापुढचा खरा प्रश्न असे.

प्रोसेसरच्या बाजूने उत्तर २००३ मध्ये आले. एका कंपनीने आपल्या ६४-बिट प्रोसेसरांत प्रत्येक पानाच्या नोंदीत ‘येथील मजकूर चालवू नये’ असे सांगणारा एक बिट दिला आणि तिच्या मोठ्या स्पर्धक कंपनीने पुढच्या वर्षी तोच बिट वेगळ्या नावाने स्वीकारला. त्याच सुमारास युनिक्स घराण्यातील काही प्रणालींनी ‘जे पान लिहिता येते ते चालवता येणार नाही’ हा दंडक अंगीकारला. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे सुधारणांचा दुसरा संच, आला आणि त्यासोबत डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन, म्हणजेच डीईपी. माहिती साठवण्यासाठी घेतलेल्या जागेतून कोणी सूचना चालवू लागला, तर प्रोसेसर थांबतो आणि विंडोज तो प्रोग्राम बंद करते, एवढेच त्याचे काम आहे.

वाद आहे तो हे संरक्षण कोणाला लावायचे याविषयी. सर्व्हिस पॅकमध्ये चार धोरणे होती: सर्वांना सक्तीने लावणे, सर्वांसाठी बंद ठेवणे, सर्वांना लावून ठरावीक प्रोग्रामांना सूट देणे म्हणजे ऑप्ट-आउट, आणि फक्त विंडोजच्या स्वतःच्या प्रोग्रामांना व सेवांना लावणे म्हणजे ऑप्ट-इन. घरगुती आणि कार्यालयीन मशीनसाठी मूळ धोरण ऑप्ट-इन ठरले, तर २००५ मध्ये विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये ऑप्ट-आउट ठेवले गेले. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बाजूने बोलायचे तर हा निर्णय समजण्याजोगा होता. त्याच सर्व्हिस पॅकने फायरवॉल आपसूक चालू केली होती. पॅक टाकल्याच्या दिवशी हिशेबाचे पॅकेज बंद पडले असते, तर लोकांनी पॅक टाकणेच सोडले असते आणि फायरवॉलही गेली असती. शिवाय जुन्या प्रोग्रामांत धावता-धावता मेमरीत छोटे तुकडे रचून ते चालवण्याची पद्धत रूढ होती आणि अशा प्रत्येक प्रोग्रामची नवी आवृत्ती निघणे शक्य नव्हते.

तरीही या निर्णयाचा एक परिणाम कंपनीने पुरेसा जोखला नव्हता, असे या लेखकाचे मत आहे. ऑप्ट-इन धोरणात बाहेरचा प्रोग्राम स्वतःच्या नावाने चालत असेल तर त्याला धक्का लागत नाही, पण त्याच बाहेरच्याने विंडोजच्या प्रोग्राममध्ये शिरून काम केले तर विंडोजचाच प्रोग्राम बंद होतो. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या फोटो स्टुडिओत हे सर्रास दिसे. व्हिडिओंचा फोल्डर उघडला की चित्राचा नमुना दाखवण्यासाठी विंडोज एक्सप्लोरर कुठल्यातरी मोफत कोडेकला (व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) आत बोलावी, तो कोडेक माहितीच्या जागेतून सूचना चालवी, आणि सूचनेत नाव झळके ते विंडोज एक्सप्लोररचे. खालची पट्टी क्षणभर नाहीशी होऊन परत येई. छपाईच्या सेवेत शिरणारे जुने प्रिंटर ड्रायव्हर आणि राइट-क्लिकच्या यादीत स्वतःची ओळ घालणारे प्रोग्राम यांचीही हीच गत होती. दोषी पाहुणा आणि नाव यजमानाचे, असा प्रकार झाल्यामुळे विंडोजच बिघडले आहे, हा समज पक्का झाला.

समज पक्का झाल्यावर उपायही त्याच दिशेने निघाले. कोडेक काढण्याऐवजी बूट.आयएनआय ही लपवलेली फाईल उघडून त्यात डीईपी कायमचे बंद ठेवणारा शब्द लिहिला जाऊ लागला. पुढे याच मशीनची घोस्ट प्रत, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, काढून ठेवली गेली, आणि फॉरमॅट मारायला आलेल्या प्रत्येक मशीनवर तीच प्रत उतरू लागली. ज्या दुकानात व्हिडिओचा संबंध नव्हता, त्या दुकानाचे मशीनही असे उघडे पडले. यातील विसंगती अशी की ज्या हिशेबाच्या पॅकेजची काळजी म्हणून हे केले असे सांगितले जाई, ते पॅकेज ऑप्ट-इनमध्ये आधीपासूनच संरक्षणाच्या बाहेर होते. त्याला त्रास होण्याचा प्रश्नच नव्हता.

पॅकेजला खरोखर त्रास झाला तो जिथे सर्व्हरची आवृत्ती टाकली होती किंवा कोणीतरी ‘सर्व प्रोग्राम’ हा पर्याय निवडला होता, अशा ठिकाणी. पतसंस्थांच्या मुख्य मशीनवर हे घडे. डोंगलचे संरक्षण असलेल्या बऱ्याच प्रोग्रामांचा मजकूर डिस्कवर कुलूपबंद असतो. प्रोग्राम उघडताना तो मेमरीत उलगडला जातो आणि तिथूनच चालतो. उलगडण्याची जागा मागताना ‘चालवण्यासाठी हवी’ असे सांगितले असते तर अडचण आली नसती. प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी ही किरकोळ दुरुस्ती आहे, परंतु लिहिणारा पुण्याला निघून गेलेला किंवा त्याची कंपनी बंद झालेली असेल, तर ती करणार कोण? अशा वेळी त्या एका प्रोग्रामला डीईपीच्या अपवादांच्या यादीतून सूट देणे हा योग्य मार्ग होता आणि यादी त्याचसाठी केलेली होती. सगळ्या मशीनचे संरक्षण काढण्याचे समर्थन मात्र यातून होत नाही.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तथाकथित सॉफ्टवेअर डीईपी. नागपूर-अमरावतीहून जुळवून आणलेल्या जुन्या मशीनच्या प्रोसेसरमध्ये तो बिट नव्हताच, तरी सेटिंगच्या खिडकीत डीईपीचा टॅब दिसे आणि हार्डवेअरचा आधार नसला तरी विंडोज सॉफ्टवेअरच्या मदतीने काही हल्ले रोखू शकते, असे खाली लिहिलेले असे. ती तपासणी पूर्णपणे निराळी होती. चूक घडल्यावर नियंत्रण कोणत्या पत्त्यावर जाते तो पत्ता नोंदलेला आहे का, एवढेच ती पाहत असे आणि माहितीच्या जागेतून सूचना चालवण्याला आडकाठी करत नसे. जुन्या मशीनवर डीईपी चालू असताना पॅकेज चालत होते, मग नव्यावर का नाही, हा प्रश्न यामुळेच उभा राहिला.

विंडोज व्हिस्टापासून निदान सोपे झाले. प्रोग्राम बंद पडल्याच्या तपशिलात घटनेचे नाव बीईएक्स, अपवादाचा संकेत (एक्सेप्शन कोड) सी००००००५ आणि अपवादाची माहिती (एक्सेप्शन डेटा) ०००००००८ असेल, तर प्रकरण डीईपीचे आहे. येथे शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण सी००००००५ हा संकेत मेमरीच्या कोणत्याही अवैध वापराला मिळतो. विंडोजच्या अंतर्गत नोंदीत शून्य म्हणजे नको तिथून वाचणे, एक म्हणजे नको तिथे लिहिणे आणि आठ म्हणजे नको तिथून चालवणे. नुसता सी००००००५ पाहून सूट देणाऱ्यांची संख्या कमी नाही. दर वेळी वेगळाच प्रोग्राम आणि वेगळेच मॉड्यूल पडत असेल, तर आधी रॅम काढून, पुसून, दुसऱ्या खाचेत लावून पाहावी. मशीनचे धोरण कोणते आहे हे जुन्या विंडोजवर डब्ल्यूएमआयसी या मशीनची माहिती विचारणाऱ्या आज्ञेने कळते; विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही आज्ञा आपसूक नसते. उत्तर २ आले तर ऑप्ट-इन, ३ आले तर ऑप्ट-आउट, आणि ० आले तर कोणीतरी सर्व संरक्षण काढलेले आहे.

त्यानंतर सवलतीची जागा कमी होत गेली. व्हिस्टामध्ये प्रोग्राम स्वतःच ‘मला डीईपी चालते’ अशी खूण घेऊन येऊ लागले. २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीने डीईपी आपसूक चालू केले आणि जुन्या टूलबारांची गच्छंती झाली. ६४-बिट प्रोग्रामांना तर सूट देताच येत नाही. यादीत घालू गेल्यास विंडोज नकार देते. २०१२ च्या विंडोज ८ ने प्रोसेसरमधील तो बिट अनिवार्य केला आणि ज्यांनी कधीकाळी बायॉसमध्ये जाऊन तो बंद करून ठेवला होता, त्यांच्याकडे नवे विंडोज बसेना. हल्लेखोरांनीही वाट काढली: स्वतःची सूचना आत न नेता प्रोग्रामच्याच सूचनांचे तुकडे जोडून काम भागवण्याचे तंत्र २००७ मध्ये सविस्तर मांडले गेले. अशा तंत्रांना आळा घालण्यासाठी मेमरीतील पत्ते दर वेळी बदलणारी व्यवस्था व्हिस्टापासून डीईपीच्या जोडीला होती.

विंडोज १० च्या २०१७ मधील १७०९ आवृत्तीपासून प्रत्येक प्रोग्रामचे वेगळे नियम एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन या विभागात ठेवता येतात. जुन्या ३२-बिट पॅकेजला सूट द्यायची असल्यास ती येथे द्यावी. नोंद करताना नुसते नाव द्यावे की फाईलचा पूर्ण मार्ग, असे दोन पर्याय असतात, त्यांपैकी मार्गाचा घ्यावा. जुन्या पॅकेजांच्या मुख्य फाईलचे नाव मेन.ईएक्सई असण्याची शक्यता बरीच असते, आणि नुसत्या नावाने दिलेली सूट त्या नावाच्या प्रत्येक फाईलला मिळते, मग ती पेनड्राइव्हवरून आलेली का असेना.