चुंबकीय कपलिंग (एकदाच वापरायच्या बायोरिअ‍ॅक्टरमधील)

चुंबकीय कपलिंग : मोटर बाहेर आणि पंखा आत, मध्ये अखंड भिंत, भिंतीला भोक न पाडता फक्त चुंबकांच्या ओढीने मोटरचे फिरणे पंख्यापर्यंत पोहोचवणारी जोडणी. प्रयोगशाळेतल्या मॅग्नेटिक स्टररवर काचपात्रात फिरणारी पांढरी कांडी हे तिचे सर्वांत ओळखीचे रूप. त्या स्टररचे एक पेटंट अमेरिकेत आर्थर रोझिंगर यांना १९४४ मध्ये मिळाले. मात्र काचपात्रातली कांडी सुटली तर माणूस बटण मागे फिरवतो आणि पुन्हा सुरू करतो. २,००० लिटर पेशीद्रवात (पेशी वाढवण्याच्या द्रवात) तेच झाले, तर अख्खी बॅच धोक्यात येते. या नोंदीत मुख्यतः त्या दुसऱ्या परिस्थितीसाठीच्या रचनेचा विचार केला आहे.

एकदाच वापरायचा बायोरिअ‍ॅक्टर म्हणजे पोलादी टाकीत बसवलेली, अनेक थरांच्या प्लास्टिक फिल्मची बॅग. ती पंखा, नळ्या आणि फिल्टरांसह कारखान्यातून गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊनच येते. लस किंवा प्रतिपिंड बनवणाऱ्या प्राण्यांच्या पेशी तीत साधारण दोन आठवडे वाढतात. या पेशींना दुप्पट व्हायला दिवसभर लागतो. आत शिरलेल्या जिवाणूला अर्धा तासही पुरतो. रवीने ताक घुसळताना दांडा भांड्याच्या उघड्या तोंडातून आत जातो, त्याचे ताकाला काही बिघडत नाही. इथे मात्र दांडा जिथून आत जाईल तीच जागा सर्वांत कच्ची ठरते. पोलादी बायोरिअ‍ॅक्टरमध्ये तिथे फिरत्या दांड्याभोवतीची फट बंद ठेवणारे मेकॅनिकल सील असते आणि ते वाफेने निर्जंतुक करता येते. प्लास्टिकच्या बॅगेला ती सोय नाही.

यातून वेगवेगळ्या वाटा निघाल्या. विजय सिंग यांनी १९९० च्या दशकात पंखाच काढून टाकला आणि बॅग झुलत्या मंचावर ठेवून लाटांनी द्रव ढवळला. हायक्लोन कंपनीच्या पद्धतीच्या बॅगेत वरून एक बंद बाही आत उतरते आणि दांडा त्या बाहीतून जातो. एक्सेलेरेक्स (Xcellerex) कंपनीच्या रचनेत पंखा बॅगेच्या तळाशी असतो आणि खालून चुंबकाने फिरतो. ही तिसरी वाट सर्वांत साफ वाटते; तिच्या अडचणी आकार वाढला की दिसू लागतात.

कारण कपलिंगला पेलायचा असतो तो टॉर्क (फिरवणारा पीळ), शक्ती नव्हे. २०० लिटरच्या बॅगेत २० सें.मी. व्यासाचा, १.५ शक्ती-अंकाचा (पंख्याचा आकार द्रवाला किती शक्ती देतो ते सांगणारा आकडा) पंखा मिनिटाला १२० फेरे घेत असेल, तर द्रवाला सुमारे ३.८ वॅट मिळतात आणि टॉर्क सुमारे ०.३ न्यूटन-मीटर भरतो. हाच पंखा त्याच प्रमाणात मोठा करून २,००० लिटरला नेला आणि दर लिटरमागची शक्ती तेवढीच ठेवली, तर व्यास ४३ सें.मी. होतो आणि फेरे ७२ वर उतरतात. शक्ती दहापट होते, पण टॉर्क सुमारे ५.१ न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ सतरापट. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि सावकाश फिरताना तेवढीच शक्ती द्यायची तर पीळ जास्त लागतो. छोट्या बॅगेवर नीट चाललेले कपलिंग जरा मोठे केले की झाले, असे मानणारा आराखडा इथेच फसतो.

चुंबकीय जोडणी ताठ नसते, स्प्रिंगसारखी असते. भार आला की पंखा मोटरच्या थोडा मागे राहतो आणि या कोनाबरोबर टॉर्क साइन-वक्राप्रमाणे वाढत जातो. आठ ध्रुवांच्या चकतीत कमाल टॉर्क २२.५ अंशांच्या फरकाला मिळतो. त्याच्या पुढे ओढ कमीच होत जाते आणि पंखा सुटतो. सुटलेला पंखा चालत्या मोटरला पुन्हा पकडू शकत नाही. बाहेरचे ध्रुव त्याच्यापुढून इतक्या झपाट्याने सरकतात, की त्याला एकदा पुढे आणि एकदा मागे असे झटके बसतात. त्यांची बेरीज जवळजवळ शून्य. मोटर थांबवून, ध्रुव समोरासमोर येऊ देऊन हळूहळू वेग वाढवणे एवढाच उपाय. म्हणून कपलिंगचा कमाल टॉर्क कामाच्या टॉर्कच्या दुप्पट तरी ठेवण्याकडे कल असतो. टॉर्क मोजताना हवा बंद असल्याचे धरावे, कारण बुडबुडे सोडल्यावर पंख्यावरचा भार घटतो. हवेची नळी तुंबली की तो पुन्हा पूर्ण होतो.

मधली फट हा या रचनेचा खरा जमाखर्च. चकतीवर ध्रुव आलटून पालटून बसवले, की त्यांचे क्षेत्र दूर जाताना घातांकी वेगाने विरते. ढोबळ गणित असे : ध्रुवाची रुंदी २० मि.मी. असेल तर दर ४ मि.मी. फटीला टॉर्क जवळजवळ निम्मा होतो. रुंदी ४० मि.मी. केली तर तेवढ्याच फटीला सुमारे पाव भाग घटतो. ध्रुव जास्त घेतले तर जोडणी ताठ होते पण तिचा आवाका तोकडा पडतो. कमी घेतले तर लांबून पकडते, पण पंखा झुलतो. फटीत बॅगेच्या तळाच्या कडक चकतीची जाडी, चुंबकावरचे प्लास्टिकचे आवरण, फिरण्यासाठी सोडलेली मोकळीक आणि मोटरच्या डोक्यावरचा पत्रा असे सगळे मोजावे लागते. एक गोष्ट आराखड्याच्या कागदावर कधीच नसते. रिकामी बॅग टाकीत उतरवताना तळाची चकती चुंबकावर ‘खट्’ करून बसते, तेव्हा फिल्मची एखादी घडी खाली सापडली तर ती चकती एका बाजूने दोन-तीन मि.मी. वर राहते. वरून पाहिले तर सगळे ठीकच दिसते. म्हणून बॅग भरण्याआधी तळ हाताने चाचपून पाहायची सवय ऑपरेटरला लावावी लागते.

पोलादी भिंत असती तर फिरत्या चुंबकांमुळे तिच्यात भोवरा-प्रवाह (धातूत गरगरणारे विजेचे प्रवाह) उठून शक्ती वाया गेली असती. प्लास्टिकमध्ये तो खर्च शून्य आहे. पण प्लास्टिक वाकते, ३७ अंशांवर दोन आठवडे दाबाखाली राहिले तर हळूहळू सरकतेही, आणि वाकले की फट बदलते.

चुंबक मांडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत दोन चकत्या समोरासमोर असतात, दुसरीत एक कप दुसऱ्यात बसतो. कपाच्या मांडणीत पंख्याला खाली ओढणारे बल जवळजवळ नसते, पण तळातून वर आलेली खोल, पातळ वाटी साच्यात काढावी लागते. चकतीची मांडणी सपाट आणि स्वस्त. तिथे सगळी ओढ बेअरिंगवर येते. आणि इथे एक गमतीशीर पेच आहे. टॉर्क साइनने चढतो, तर खालची ओढ कोसाइनने उतरते. दुपटीची सुरक्षितता राखून चालवले, तर बेअरिंगवर पूर्ण ओढीच्या ८७ टक्के ओढ कायम राहते; म्हणजे सुटण्यापासून मिळालेल्या सुरक्षिततेची किंमत झीज होऊन चुकवावी लागते. उलट पंखा सुटण्याच्या बेतात आला की ओढ शून्याकडे जाते, आणि सुटल्यावर मधूनमधून ती ढकलण्यात बदलते. त्यामुळे सुटलेला पंखा नुसता थांबत नाही, जागच्या जागी उड्या मारत खडखडतो. टाकीवर हात ठेवला तर ते जाणवते.

बेअरिंगला वंगण घालता येत नाही, पेशीद्रव हेच वंगण. झिजून सुटलेले कण औषधाच्या दिशेने जातात. पुढचे फिल्टर ते अडवतात हे खरे, पण ‘पुढे अडतील’ हे आराखड्याचे तत्त्व होऊ शकत नाही. कमी घर्षणासाठी सहज सुचणारे टेफ्लॉन येथे चालत नाही, कारण गॅमा किरणांनी त्याच्या रेणूसाखळ्या तुटून ते ठिसूळ होते. म्हणून पीईईके (PEEK) हे टणक प्लास्टिक, अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन किंवा सिरॅमिक यांकडे वळावे लागते. बेअरिंगच्या अरुंद फटीत सापडलेल्या पेशी चिरडतात; तिथून द्रव वाहता राहील अशा खाचा ठेवल्या तर त्या साचून राहत नाहीत. स्पर्शच नको म्हणून पंखा चुंबकावर तरंगवणारी लेव्हमिक्सरसारखी यंत्रे आहेत. ती सुबक आहेत, पण भक्कम टॉर्क हवा तिथे त्यांची मात्रा कमी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चुंबक बहुधा निओडिमियम-लोह-बोरॉनचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ते स्वतंत्रपणे तयार केले. ताकद भरपूर, पण ते गंजतात, आणि साध्या प्रतीचे ८० अंशांपुढे कमजोर होऊ लागतात. गंजू नयेत म्हणून त्यांना प्लास्टिकमध्ये पूर्ण गाडायचे, तर वितळलेले प्लास्टिक २०० अंशांच्या वर असते. एक उपाय म्हणजे धातू आधी प्लास्टिकमध्ये बंद करून त्यानंतर त्यात चुंबकत्व भरणे. समारियम-कोबाल्ट हे दुसरे चुंबकद्रव्य उष्णता आणि प्रारण दोन्ही जास्त सोसते, पण महाग आणि ठिसूळ आहे. फेकून द्यायच्या बॅगेत ते घालायला मन धजत नाही.

चालू बॅचमध्ये पंखा सुटला तर वेळ किती असतो? मि.लि.मध्ये एक कोटी पेशी आणि ४० टक्के विरघळलेला ऑक्सिजन धरला, तर आधी विरघळलेला साठा दोन-तीन मिनिटांत संपतो. पडद्यावरचा वेग मोटरचा असतो, पंख्याचा नव्हे. त्यामुळे ७२ चा आकडा तसाच दिसत राहतो आणि ऑक्सिजनची रेषा मात्र कोसळते. नियंत्रक ती रेषा पाहून हवा वाढवतो, आणि थांबलेल्या पंख्यावरून बुडबुडे सरळ वर निघून जातात. मोटरच्या टॉर्कमधली अचानक घट टिपणे किंवा पंख्यातल्या चुंबकाचे स्पंद मोजणारा हॉल सेन्सर तळाशी बसवणे, यांपैकी एक सोय असायलाच हवी. ती नसलेली रचना अपुरी समजावी.

चुंबकाचा त्रास बॅगेबाहेरही होतो. पेसमेकर असलेल्या माणसाला मोटरच्या उघड्या डोक्याजवळ जाऊ देत नाहीत. विमानाने बॅगा पाठवताना ४.६ मीटर अंतरावरचे क्षेत्र ०.००५२५ गॉसच्या आत ठेवावे लागते, नाहीतर माल विमानात चढत नाही. म्हणून खोक्यात पोलादी पत्रा घालतात. वापर झाल्यावर बॅग जाळायला जाते. निओडिमियमचे चुंबकत्व सुमारे ३१० अंशांना संपते, भट्टी त्याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे राखेत उरतो तो नुसता धातू. पंखा आधी कापून वेगळा काढला तर चुंबक वाचवता येतात, पण ते काम निर्जंतुकीकरणानंतर, हातमोजे घालून, एकेका बॅगेवर करावे लागते.