दुःखाला पाच पायऱ्या नसतात

मूल गमावलेल्या आईला हमखास ऐकवलं जातं: आधी नकार, मग राग, देवाशी घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. त्यानंतर ज्याच्यामुळे मूल गेलं त्याला माफ केलंस की सुटलीस!

हा समज चुकीचा आहे. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये या अवस्था मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या आईबापांना पाहून नव्हे.

१९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दुःखाच्या अभ्यासकांनी मांडलेलं चित्र मला जास्त खरं वाटतं: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात येरझाऱ्या घालतो. सकाळी आई फोनवर हसते. दुपारी कपाटात लेकाचा शर्ट हाती लागतो, कॉलरचा वास घेते आणि मटकन खाली बसते. ती मागे घसरलेली नसते.

आता माफीबद्दल. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट स्पष्ट करतात, की माफ करणं म्हणजे विसरणं नव्हे, गुन्ह्यावर पांघरूण घालणं नव्हे आणि समेटही नव्हे. म्हणजे मनातून माफ करूनही आई खटला लढू शकते. आणि कित्येक आयांना सर्वांत जड जाते ती स्वतःला माफी: ‘त्या दिवशी मी त्याला जाऊच दिलं नसतं तर?’ तिथे घाई करू नका हो. नुसतं जवळ बसा, लेकराचं नाव घ्या.

मात्र सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच असेल आणि रोजचे व्यवहारही जमत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावं.