परातीतल्या कोंबांनी मान वर केली

मे महिन्यात भाची मुंबईहून रत्नागिरीला आली ती ॲस्परॅगसच्या दोन जुड्या घेऊन. पाकिटावर मराठीत छापलेलं: ‘शतावरी’. आईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “ही कसली शतावरी? ती आपल्या गडग्यावर आहे, काट्यांची.”

आईचं बरोबर होतं, पण छापणाऱ्याचंही अगदीच चूक नव्हतं. गडग्यावरची ॲस्परॅगस रॅसिमोसस, पाकिटातली ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस. प्रजाती एकच, जाती वेगळ्या; चुलत बहिणी म्हणा. एकीची मुळं औषधात जातात, दुसरीचा जमिनीतून नुकता वर आलेला कोंब खातात. मुळांचे गुण कोंबाला चिकटवून विकणं ही मात्र लबाडी.

फ्रीज आमरसाच्या डब्यांनी भरलेला, म्हणून एक जुडी परातीत आडवी ठेवली. सकाळी आईची हाक आली, “अगो, ही भाजी मान वर करून बघत्ये!” खरंच, सगळे शेंडे वर वळले होते.

कापलेला कोंब मेलेला नसतो. साठवलेली साखर जाळत तो वाढतच राहतो. पण अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्याला ‘वर’ कुठे हे कळलं कसं? खोडात रसवाहिन्यांभोवती पेशींचा एक थर असतो. त्या पेशींत स्टार्चने भरलेले जड कण असतात. कोंब आडवा केला की काही मिनिटांत हे कण घरंगळून पेशीच्या नव्या तळाशी जमतात, पाण्यात ढवळलेला रवा खाली बसावा तसे. तो इशारा मिळाला की ऑक्झिन हे संप्रेरक पेशीबाहेर सोडणाऱ्या प्रथिनांची मांडणी बदलते आणि कोंबाच्या खालच्या अंगाला ऑक्झिन जास्त साचतं. त्याने पेशीभित्ती सैलावतात, पेशी लांबतात. खालचं अंग लांबलं, वरचं मागे राहिलं, की कोंब वर वळणारच. मुळांत नेमकं हेच ऑक्झिन साचलं की वाढ रोखतं, म्हणून मुळं खाली जातात. एकच रसायन, दोन उलटे निकाल! मला तर हे पुनःपुन्हा सांगायला आवडतं.

किनाऱ्यावरचा माड आठवा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात जे माड उन्मळले ते गेले. पण नुसता कलंडून मुळं धरून राहिलेला माड शेंड्याकडून पुन्हा आभाळाकडे वळतो. जुनं खोड लांबत नाही, ते वाकडंच राहतं.

कोंबाची ही धडपड फुकट होत नाही. साखर संपते, चव पांचट होते. कापल्या जखमेकडून वर लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, साचत जातं आणि कोंब भेंडीसारखा जून होतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट-तिप्पट होतं, त्यात आमचा मे. परातीतल्या कोंबांचे बोटभर बुडखे उसाच्या चोथ्यासारखे चघळून टाकावे लागले. दुसऱ्या जुडीसाठी आमरसाचे दोन डबे संपवून जागा केली (कोणी तक्रार केली नाही) आणि बुडखे जरासे कापून ती पेल्यात इंचभर पाण्यात उभी ठेवली, वरून सैल पिशवी.

पोषणाचं म्हणाल तर 100 ग्रॅममध्ये 93 ग्रॅम पाणी, 20 किलोकॅलरी, दोन ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे 50 मायक्रोग्रॅम फोलेट (एक ब-जीवनसत्त्व). चांगली पालेभाजी समजा. ‘ॲस्परॅगसने कॅन्सर बरा होतो’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप भाचीलाही आला होता. याच कोंबांच्या रसातून 1806 मध्ये फ्रान्समध्ये ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल वेगळं काढलं गेलं. आणि ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) एका प्रकारात देतात ते ॲस्परॅजिनेज औषध रक्तातलं हेच ॲस्परॅजिन तोडून टाकतं, कारण त्या रोगट पेशींना ते बाहेरून लागतं. निरोपाच्या बरोबर उलट! (म्हणून भाजी टाळायचंही कारण नाही, ॲस्परॅजिन डाळीतही असतं.)

पहिल्या जुडीत आईने सवयीने आमसूल टाकलं आणि भाजी खाकी झाली. आंबटपणाने हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू सुटतो, रंग जातो. झाकण ठेवून फार वेळ शिजवलं तरी तेच, कारण भाजीत स्वतःची आम्लं असतातच. दुसरी जुडी झाकण न ठेवता चार मिनिटं परतली, वर ओलं खोबरं घातलं आणि लिंबू थेट ताटात पिळलं. हिरवीगार राहिली.

आईने एक घास खाल्ला. “फरसबीच की गो ही.”