ज्ञानेंद्रिये, असामान्य सस्तन प्राण्यांची

सस्तन प्राण्यांचा मेंदू साधारण एकाच आराखड्यावर बेतलेला असतो. त्यातली किती जागा कोणत्या इंद्रियाला द्यायची, हे मात्र प्रत्येक जातीच्या जगण्यावर ठरते. कोणाकडे कानाचा वाटा मोठा, कोणाकडे नाकाचा, तर कोणाकडे चक्क पुढच्या दातांचा. ही वाटणी निरनिराळ्या जातींत ताडून पाहणे हा तुलनात्मक चेताविज्ञानाचा विषय होय. त्यात प्रयोगशाळेतल्या उंदरापेक्षा विचित्र प्राणी पुष्कळदा जास्त कामी येतात, कारण एखादी क्षमता टोकाला गेली की तिच्यामागची यंत्रणा उघडी पडते. असे काही प्राणी बेळगाव, खानापूरच्या माणसाच्या रोजच्या वाटेवर आहेत.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, भीमगड अभयारण्याच्या परिसरात (घोषणा २०११, क्षेत्र सुमारे १९० चौ. किमी.) तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तेथे १९१२ मध्ये, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी पाहणीत, एक अनोळखी वटवाघूळ मिळाले. ओल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आर. सी. रौटन यांच्या नावावरून त्याला ‘रौटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ’ म्हटले जाऊ लागले. शेपटीचा बराचसा भाग पडद्याबाहेर मोकळा राहतो म्हणून मुक्तपुच्छ. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ही जात जगात फक्त याच गुहांतून माहीत होती. नंतर ती मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. तिचे कान एवढे मोठे की कपाळावर एकमेकांना जोडलेले असतात आणि पुढे वळून तोंडाच्याही पुढे येतात. मोकळ्या आकाशात वेगाने उडणारी या कुळातली वटवाघळे शिकार हेरायला स्वतः आवाज देऊन त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, आणि तो आवाज तुलनेने खालच्या पट्टीत असतो. खालची पट्टी हवेत कमी विरते, त्यामुळे दूरचा कीटक हेरता येतो. मात्र बारकावे टिपायला तीच पट्टी अपुरी पडते, म्हणून दाट झाडीत शिकार करणाऱ्या जाती वरची पट्टी वापरतात.

वटवाघूळ आंधळे असते हा समज सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. एकही जात आंधळी नाही. वडा-चिंचेवर उलटे लटकणारे मोठे फलाहारी वाघूळ तर प्रतिध्वनीचा वापरच करत नाही. मोठे डोळे आणि नाक यांवर त्याचे भागते. अंधारात कानाने वाट काढणे हे मुख्यतः लहान, कीटकभक्षी जातींचे काम. इटलीतील लाझारो स्पाल्लान्झानी यांना १७९३ मध्ये दिसले की मेणबत्ती विझली की पाळीव घुबड भिंतीवर आपटते, पण वटवाघूळ बिनधास्त फिरते. डोळे काढले तरीही त्याचे काही अडत नाही. जिनीव्हाचे लुई झ्युरीन यांनी कान बुजवले तेव्हा मात्र ते धडकू लागले. हा निष्कर्ष बरोबर होता, पण ऐकू तर काहीच येत नाही, मग कानाचा संबंध काय, असे म्हणून विद्वानांनी तो जवळपास दीडशे वर्षे बाजूला टाकला. १९३८ मध्ये हार्वर्डचे विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन यांनी भौतिकशास्त्रज्ञ जी. डब्ल्यू. पीअर्स यांच्या यंत्रासमोर वटवाघळे धरली आणि माणसाच्या २० किलोहर्ट्‌झच्या मर्यादेपलीकडचा तो गोंगाट पहिल्यांदा नोंदला गेला. रॉबर्ट गॅलाम्बोस यांच्याबरोबरच्या पुढच्या प्रयोगांत तोंड बांधले तरी आणि कान बुजवले तरी प्राणी सारखाच भांबावतो हे सिद्ध झाले. १९४४ मध्ये ग्रिफिन यांनी या क्षमतेला नाव दिले. मराठीत आपण तिला प्रतिध्वनिवेध म्हणतो.

यातले गणित सोपे आहे, ते करणारा मेंदू सोपा नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एक मीटरवरच्या पतंगावरून प्रतिध्वनी सुमारे ६ मिलिसेकंदांत परत येतो, आणि वटवाघळाला याहूनही सूक्ष्म अंतरे ओळखायची असतात. नोबुओ सुगा यांनी अमेरिकेतील मिशाळ वटवाघळाच्या मेंदूत अशा चेतापेशी दाखवल्या की हाक आणि प्रतिध्वनी यांत ठरावीक अवधी असला तरच त्या जोरात प्रतिसाद देतात. हे अवधी साधारण ०.४ ते १८ मिलिसेकंद, म्हणजे अंतर ७ सेंमी. ते ३ मीटर. त्या पेशी अवधीच्या क्रमाने मांडलेल्या असतात, जणू मेंदूतच मोजपट्टी अंथरली आहे. याच प्राण्याच्या प्राथमिक श्रवण-बाह्यकाचा (मेंदूच्या वरच्या थरातील ऐकण्याच्या भागाचा) जवळजवळ तिसरा हिस्सा ६१ किलोहर्ट्‌झच्या आसपासच्या अगदी अरुंद पट्ट्याला दिलेला आहे, कारण त्याची हाक त्याच पट्टीत असते.

नाल-नाक्या वटवाघळांची तऱ्हा आणखी नामी. सह्याद्रीत त्यांच्या जाती आहेत, पण अभ्यास जास्त झाला तो युरोपातील मोठ्या जातीवर. ती सुमारे ८३ किलोहर्ट्‌झची लांब, एकसुरी हाक देते. उडता उडता समोरच्या वस्तूकडे जाताना डॉप्लर परिणामामुळे प्रतिध्वनीची पट्टी चढते. हे वटवाघूळ तेवढ्याच प्रमाणात आपली हाक उतरवते, म्हणजे परतीचा आवाज पुन्हा ८३ वरच येऊन पडतो. आतल्या कानाच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत त्या एका पट्टीसाठीच लांबलचक जागा राखलेली असते. दृष्टिपटलावरच्या पीतबिंदूवर, म्हणजे सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या जागी, प्रतिमा पडावी म्हणून आपण नजर वळवतो. हे प्राणी आवाज वळवतात. त्यामुळे पानांच्या स्थिर प्रतिध्वनीतून फडफडणाऱ्या पंखाची थरथर वेगळी उठून येते.

जुन्या देवळांत आणि पडक्या वाड्यांत राहणारे मोठ्या कानांचे ‘खोटे व्हँपायर’ वटवाघूळ (ते रक्त पीत नाही) बेडूक, उंदीर, पाली धरते, आणि शिकारीच्या वेळी अनेकदा हाकच देत नाही. पाचोळ्यातली खुसफूस त्याला पुरते. ज्याच्याकडे प्रतिध्वनिवेध आहे तो प्राणी तो बंद ठेवून नुसता कान देतो, ही गोष्ट मला साऱ्या वटवाघूळ-संशोधनातली सर्वांत मनोरंजक वाटते.

स्पर्शाचे टोकाचे उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पाणथळ जमिनीत सापडते. तारानाक्या मोल या चिचुंदरीसारख्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या नाकाभोवती २२ मांसल बोटांची चांदणी असते; व्यास जेमतेम सेंटिमीटरभर. तीवर २५,००० हून अधिक सूक्ष्म स्पर्शेंद्रिये आणि त्यांना सुमारे एक लाख चेतातंतू. माणसाच्या अख्ख्या तळहाताला स्पर्शाचे साधारण १७,००० तंतू असतात, हे शेजारी ठेवून पाहावे. केनेथ कटानिया यांनी दाखवले की बाह्यकाचा काप रंगवला तर त्यात चांदणीचा नकाशा पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो. सगळ्यांत लहान असलेल्या अकराव्या बोटाला त्यात सुमारे पाव जागा मिळालेली असते. बाकीची बोटे ओझरती चाचपतात, काही सापडले की प्राणी झटकन अकरावे बोट तेथे आणतो, आपण नजर रोखतो तसे. किडा ओळखून गिळायला त्याला कधी कधी केवळ १२० मिलिसेकंद लागतात.

पूर्व आफ्रिकेतील नागडी घूस दातांनी माती खणते. तिच्या स्पर्श-बाह्यकाचा सुमारे ३० टक्के भाग पुढच्या दातांचा आहे. तिला आम्लाची आणि मिरचीची जळजळ जाणवत नाही. कोंदट बिळात, कार्बन डाय-ऑक्साइडने भारलेल्या हवेत जन्म काढणाऱ्याला ही बधिरता सोयीची पडते, असे स्पष्टीकरण दिले जाते.

ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस पाण्यात डोळे, कान, नाकपुड्या सगळे मिटून घेते आणि चोच डावी-उजवी फिरवत पोहते. चोचीत सुमारे ४०,००० विद्युत्-ग्राहक असतात. कोळंबीच्या स्नायूंतली क्षीण वीज त्यांना कळते. १९८६ मधील प्रयोगात पाण्यात ठेवलेल्या १.५ व्होल्टच्या बॅटरीवरही ते झडप घालत होते.

हत्ती हा या भागातला वादाचा विषय. या शतकाच्या सुरुवातीपासून दांडेली-खानापूरकडचे कळप चंदगड, दोडामार्गापर्यंत उतरतात आणि भात-उसाचे नुकसान करतात. अशा वेळी हत्तीला गाव ‘कळते कसे’ हे विचारले जाते. एक उत्तर नाकात आहे: झाकलेल्या दोन डब्यांपैकी सूर्यफुलाच्या बिया कोणत्यात जास्त, हे आशियाई हत्ती केवळ वासावरून ओळखू शकतात. दुसरे आवाजात. १९८४ मध्ये कॅथरीन पेन यांनी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापाशी हवा थरथरल्याचे जाणवून शोध घेतला, आणि हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या खर्जात, १४ ते २४ हर्ट्‌झमध्ये, बोलतात हे उघड झाले. तळपायांतही दाब व कंपने टिपणारी इंद्रिये आहेत. बांधावर पाय टेकवून थबकलेला हत्ती नुसता उभा असेलच असे नाही.

इतके दूर गेलेले प्राणी कधी कधी एकाच उपायावर येतात. ऐकण्याच्या पेशींना लागणाऱ्या प्रेस्टिन नावाच्या प्रथिनात वटवाघळे आणि दात असलेले देवमासे (यांत डॉल्फिनही आले) यांच्यात सारखेच बदल स्वतंत्रपणे घडल्याचे २०१० मध्ये दिसून आले.

शेवटी घरातलीच चिचुंदरी. दिसायला उंदरासारखी असली तरी ती उंदीर नव्हे. डोळे बारीक, कडेने भिंत धरून पळणे, आणि जग मुख्यतः मिशा व नाकाने जाणणे. तिची दोन ग्रॅम वजनाची बहीण रातकिड्यावर मिशांच्या स्पर्शाने अचूक झडप घालते. प्लॅस्टिकचा नकली रातकिडा ठेवला तरी आकार जुळला की हल्ला होतोच. घरातल्या चिचुंदरीचे महत्त्व मात्र वेगळ्या इंद्रियामुळे, तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानामुळे, वाढले आहे. उंदीर ओकू शकत नाही. चिचुंदरी ओकते, आणि हलत्या फळीवर ठेवली तर तिलाही गाडी लागते. त्यामुळे उलटी थांबवणाऱ्या औषधांच्या चाचणीत जपानपासून अनेक ठिकाणी तिचा उपयोग झाला. चोर्ला घाटाची वळणे सुरू झाली की खिडकीची जागा मागणाऱ्यांच्या आतल्या कानात जे घडते, त्याचा अभ्यास कोठीत सळसळणाऱ्या याच प्राण्यावर झालेला आहे.