मुंबईची ट्रॉलीबस : तारांखालची नऊ वर्षे

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास सांगताना घोड्यांच्या ट्रामपासून थेट डबलडेकर बसपर्यंत उडी मारली जाते आणि मधली ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेऊन धावणारी बस, सहसा विसरली जाते. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ती सुरू झाली आणि मार्च १९७१ मध्ये बंद पडली.

तिचे मूळ ट्रामच्याच विजेत आहे. ९ मे १८७४ रोजी सुरू झालेली घोड्यांची ट्राम मागे टाकून ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. ती चालवणारी बेस्ट कंपनीच शहराला वीजही पुरवत होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती पालिकेच्या ताब्यात आली, तेव्हा वीज आणि वाहतूक ही दोन्ही खाती एकाच छपराखाली राहिली. विजेवर चालणाऱ्या बसचा प्रयोग करायला याहून सोयीची संस्था देशात क्वचितच असेल.

ट्रामला वर एकच तार पुरते, कारण वीज रुळातून परत जाते. रबरी चाकांच्या बसला तशी परतीची वाट नसल्याने तिच्या डोक्यावर दोन तारा आणि टपावर दोन लांब दांडे लागतात. हे दांडे तारांवरून घसरत जातात आणि बाजूलाही वळतात, त्यामुळे रस्त्यात काही आडवे आले तर बस थोडी बाजूला घेता येते. ट्रामला ते कधीच जमले नाही. मात्र वळणावर दांडा तारेवरून सुटला, की बस जागच्या जागी थांबते आणि कोणीतरी खाली उतरून तो पुन्हा तारेला लावेपर्यंत हलत नाही. धूर नाही, इंजिनाचा खडखडाट नाही, पण तारा नसलेल्या गल्लीत शिरण्याची मुभाही नाही.

खरी अडचण काळाची होती, असे मला वाटते. बर्लिनजवळ १८८२ साली व्हेर्नर फॉन सीमेन्स यांनी ज्या वाहनाची पहिली चाचणी घेतली, ते पाश्चात्त्य शहरांमधून निरोप घेत असतानाच मुंबईत आले. लंडनची शेवटची ट्रॉलीबस ८ मे १९६२ रोजी धावली. म्हणजे तिकडचा शेवट आणि इकडची सुरुवात यांत जेमतेम महिन्याभराचे अंतर होते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी ट्रामची अखेरची फेरी झाली आणि रस्त्यावर विजेवर चालणारी ट्रॉलीबसच तेवढी उरली. तारा, खांब आणि त्यांची देखभाल या साऱ्याचा भार आता तिच्या एकटीवर आला, तर शेजारची डिझेल बस मात्र मनाला येईल तो रस्ता धरू शकत होती.

ट्रामचे रूळ डांबराखाली गाडले गेले आणि फ्लोरा फाउंटनजवळच्या खोदकामात ते पुन्हा दिसलेही. ट्रॉलीबसच्या वाट्याला तेवढेही आले नाही, कारण तारा उतरवल्यावर जमिनीत तिची काही खूण उरतच नाही. बेस्टच्या ताफ्यात विजेची बस परतली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, बॅटरी पोटात घेऊन.